केबल लाइनसाठी मॉडेम कोणता घ्यावा, आणि मुळात घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याहून न्यू जर्सीत येऊन तीन महिने झाले. केबल कंपनीचा १ गिगाबिटचा प्लान आहे आणि कंपनीच्या मॉडेमच्या डब्याचं महिना १५ डॉलर भाडं जातंय. पत्नी रात्री साडेनऊला पुण्याच्या टीमबरोबर व्हिडिओ कॉलला बसते तेव्हा कॉल अडकतो, आणि मुलाचा गेमही नेमका त्याच वेळी झटके खातो. तेव्हा २०० डॉलरच्या आत सगळ्यात फास्ट मॉडेम कोणता, आणि पुण्याहून आणलेला राउटर इथे चालेल का?

मी गेली सोळा वर्षं इथे केबल नेटवर्कमध्ये आहे. पहिली तीन वर्षं ट्रक आणि शिडी घेऊन लोकांच्या तळघरांत आणि खांबांवर काढली, आता ऑफिसात बसून तेच आजार स्क्रीनवर बघते. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. भाडं भरत राहावं की स्वतःचा मॉडेम घ्यावा, हा पैशाचा प्रश्न. कॉल का अडकतो, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मॉडेम असू शकतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा नसतं, म्हणून आधी दुसराच घेते.

१ गिगाबिट हा आकडा डाउनलोडचा आहे. बिलावर किंवा ॲपमध्ये अपलोडचा आकडा शोधा. जुन्या पद्धतीच्या केबल लाइनवर गिगाबिट प्लानलाही अपलोड २० ते ४० एमबीपीएसच मिळतं. यामागे कंपनीचा कंजूसपणा नाही, तारेची जुनी वाटणी आहे. ही तार मुळात टीव्ही घरात आणण्यासाठी टाकलेली. घरातून बाहेर काही पाठवायचं असेल, हे तेव्हा कोणाच्या फारसं मनात नव्हतं. त्यामुळे वर जाणाऱ्या सिग्नलसाठी ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच चिंचोळी पट्टी ठेवली गेली आणि त्यावरचं सगळं खाली येणाऱ्यांना मिळालं. शिवाय ती पट्टी तुमच्या एकट्याची नाही. गल्लीतल्या नोडपर्यंत, म्हणजे कंपनीच्या पेटीपर्यंत, फायबर येतं, तिथून पुढची कोॲक्स, म्हणजे टीव्हीची जाड तार, कित्येक घरांत वाटली जाते, आणि रात्री साडेनऊला ती सगळी घरं जागी असतात.

व्हिडिओ कॉलला लागतं किती? तीन-चार एमबीपीएस. म्हणजे २० सुद्धा पुरायला हवं. अडतं कुठे, तर घरातला कोणीतरी फोन वायफायवर येतो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतो. तो सगळी अपलोड व्यापून टाकतो आणि मॉडेमच्या दाराशी पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग लागते. कॉलचं पॅकेट चिमुकलं, पण त्यालाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं. गेमचंही तेच. ‘डाउनलोड ९०० दाखवतंय, तरी कॉल अडकतो’ ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्या वेळी घरातले फोन काय करत होते?

आज रात्रीच करून बघा. कॉलच्या आधी सगळ्या फोनवरचा फोटो बॅकअप थांबवा आणि पत्नीचा लॅपटॉप नेटवर्कच्या वायरने थेट डब्याला जोडा. कॉल सुरळीत झाला तर पुढच्या रात्री बॅकअप चालू ठेवून फक्त वायर ठेवा. पुन्हा अडकला तर दोष अपलोडच्या रांगेचा. नाही अडकला तर वायफायचा. आणि पहिल्या रात्री बॅकअप थांबवून, वायर लावूनही अडकत असेल तर लाइन तपासायला हवी. या तीन शक्यतांपैकी दोनांत दुकानातला सगळ्यात महाग मॉडेमही काही करू शकणार नाही.

एक गोष्ट मात्र कोणताच मॉडेम बदलू शकत नाही. इथून पुण्याला जाऊन परत यायला पॅकेटला साधारण २०० मिलिसेकंद किंवा थोडे जास्तच लागतात. समुद्राखालच्या तारांची लांबी आहे ती. बोलताना किंचित उशीर जाणवणारच. चेहरा गोठणं, आवाज तुटणं हा आजार. तेवढा उशीर हा आजार नव्हे.

आता लाइन. स्वतःचा केबल मॉडेम असेल तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की त्याचं स्थितीपान उघडतं. कंपनीच्या डब्याचा (त्याला गेटवे म्हणतात) पत्ता वेगळा असतो, तो डब्याच्या स्टिकरवर सापडेल. तिथे आकड्यांचं जंगल दिसेल, घाबरू नका. डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे खाली येणाऱ्या सिग्नलची ताकद, उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (हे त्या ताकदीचं माप) मधे असली की छान. मानकाप्रमाणे उणे १५ ते अधिक १५ चालतं, पण त्या कडेला संसार करू नये. सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर, म्हणजे एसएनआर, ३३ डेसिबलच्या वर हवं. अपस्ट्रीम पॉवर, म्हणजे मॉडेम वर पाठवतो त्या सिग्नलची ताकद, चाळिशीत असेल तर ठीक, पन्नाशीला टेकली की समजायचं, मॉडेम घसा फोडून ओरडतोय तेव्हा कुठे कंपनीला ऐकू जातंय. शेवटी अनकरेक्टेबल, म्हणजे दुरुस्त न करता आलेल्या चुका, नावाचा स्तंभ. तिथला आकडा किती आहे यापेक्षा तो तासाभरात किती वाढला ते बघा. पानावरच्या नोंदवहीत टी३ किंवा टी४ टाइमआउट (मॉडेमला कंपनीकडून वेळेत उत्तर न आल्याच्या नोंदी) दाटीवाटीने दिसले तर मॉडेमची खरेदी पुढे ढकला आणि कंपनीचा माणूस बोलवा.

ट्रकवर असतानाची एक भेट अजून लक्षात आहे. डिसेंबर, संध्याकाळ, जुनं घर. गृहस्थांनी मला तळघरात नेलं आणि फळीवर ओळीने मांडलेले तीन मॉडेम दाखवले. वर्षभरात विकत घेतलेले, तिन्ही चांगले. चौथा कोणता घेऊ, असं मलाच विचारत होते. मीटर लावला तर डाउनस्ट्रीम उणे १३, अपस्ट्रीम ५०. तार धरत धरत मागे गेले. ती कपडे वाळवायच्या यंत्रामागे शिरली होती. तिथे दोन तोंडांचा एक स्प्लिटर (एका तारेचा सिग्नल अनेक तारांत वाटणारा जोड), त्याला लागून चार तोंडांचा दुसरा, त्याच्या तीन तोंडांना काहीच जोडलेलं नाही, आणि सगळ्यावर यंत्रातून उडालेल्या कापसाची गोधडी. कधीकाळी चार खोल्यांत टीव्ही होते तेव्हाची ती मांडणी. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये साधारण साडेतीन डेसिबल जातात, चार तोंडांच्यात सात. साडेदहा डेसिबल खाली येताना गेले, आणि वर जातानाही मॉडेमला तेवढंच जास्त ओरडावं लागत होतं. दोन्ही स्प्लिटर काढले, तारेची टोकं नव्याने कापून कनेक्टर बसवले, मधे एक साधा जोड घातला. उणे अडीच आणि ४० च्या जरा खाली. खर्च काही नाही. त्या गृहस्थांना आनंद झाला की तीन मॉडेमचं दुःख, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हा तुमच्या घरातही भिंतीतून आलेल्या तारेपासून डब्यापर्यंत वाटेत काय काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघा. टीव्ही केबलवर नसेल तर स्प्लिटरची गरज नाही. कनेक्टर हाताने फिरत असेल तर ७/१६ इंची पान्याने हलकेच आवळा. जोर लावू नका, भिंतीतला जोड पिळवटतो. मोका फिल्टर नावाचं बोटाएवढं नळकांडं दिसलं तर ते काढू नका, ते तिथे मुद्दाम लावलेलं असतं.

इथवर सगळं ठीक निघालं, तर मग पैशाचा हिशेब. १५ डॉलर महिना म्हणजे वर्षाला १८०. बरा मॉडेम दीडशे ते दोनशेत येतो. पण कंपनीच्या डब्यात मॉडेम आणि वायफाय राउटर दोन्ही असतात, हे हिशेबात धरायचं राहून जातं. नुसत्या मॉडेममध्ये वायफाय नसतं. राउटरचे शंभर-दीडशे धरा. म्हणजे गुंतवणूक वसूल व्हायला दीड ते दोन वर्षं. दोन वर्षं तुम्ही याच पत्त्यावर, याच कंपनीकडे असाल का? नवीन आलेल्या मराठी कुटुंबांचं मी जे बघते ते असं, की पहिलं वर्ष अपार्टमेंट, मग शाळेचा जिल्हा बघून दुसरं गाव. तिथे फायबर असेल तर केबल मॉडेम कपाटात जातो. फायबरला मॉडेम लागतच नाही, ओएनटी, म्हणजे फायबर ज्यात येऊन जोडली जाते तो डबा, लागतो, तुमच्या पुण्याच्या घरी भिंतीवर होता तसाच.

मी केबलमध्ये नोकरी करते, तरी हे सांगायला हवं: न्यू जर्सीत बऱ्याच गावांत केबलबरोबर फायबरही आहे. आधी तुमचा पत्ता टाकून बघा. फायबरवर अपलोड बहुतेक डाउनलोडएवढंच मिळतं, आणि तुमच्या घरचं दुखणं अपलोडचंच असण्याची शक्यता मला जास्त दिसते. तिथे जाता येत असेल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

भाड्याबद्दल अजून दोन गोष्टी. कंपनीप्रमाणे आणि प्लानप्रमाणे हे फार बदलतं. स्पेक्ट्रमसारख्या कंपन्या मॉडेमचं वेगळं भाडं घेतच नाहीत, आणि कॉमकास्टच्या २०२५ मध्ये आलेल्या नव्या प्लानमध्ये गेटवे किमतीतच धरलेला आहे. अशा ठिकाणी स्वतःचा मॉडेम घेऊन एक सेंटही वाचत नाही. तुमचं १५ डॉलर वेगळं कापलं जातंय म्हणजे प्लान जुन्या पद्धतीचा दिसतो. प्लान बदलूनच भाडं जातंय का, ते आधी विचारा. दुसरं, काही प्लानमध्ये अमर्याद डेटा त्या भाड्याच्या डब्याला बांधलेला असतो. डबा परत केला की डेटावर मर्यादा येते. हे फोनवरचा माणूस आपणहून सांगेलच असं नाही. एक दिलासा आहे. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने, ग्राहक स्वतःचं उपकरण वापरत असताना त्याच्या नावावर भाडं लावायला कंपन्यांना मनाई आहे. मॉडेम बदलल्यावरही बिलात भाडं दिसलं तर भांडायला हरकत नाही.

घ्यायचाच ठरला तर कोणता? डॉक्सिस ३.१ चा. केबलवरून डेटा नेण्याचं हे मानक कोलोरॅडोतली केबललॅब्स ही संस्था ठरवते. ३.० हे २००६ चं, ३.१ हे २०१३ चं. दुकानात अजून ३.० चे स्वस्त मॉडेम मिळतात आणि खोक्यावर ‘३२ × ८’ असं मोठ्या अक्षरात असतं. बत्तीस चॅनल खाली, आठ वर. एका चॅनलमध्ये साधारण ३८ एमबीपीएस, म्हणजे बत्तिसांचे बाराशे, मग गिगाबिटला पुरेल की, असं वाटतं. कागदावर पुरतं. पण कंपन्या आपला नवा माल ३.१ च्या रुंद ओएफडीएम चॅनलवर टाकतात. तसा एकेक चॅनल १९२ मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असतो. ३.० मॉडेमला तो दिसतच नाही. तो आपल्यासारख्याच जुन्या मॉडेमांबरोबर जुन्या सहा-सहा मेगाहर्ट्झच्या चॅनलांत खेटून बसतो, आणि नेमका रात्रीच्या गर्दीत दमतो. नवा रस्ता झाला तरी ज्याची गाडी त्यावर चढतच नाही, त्याला जुन्या घाटातूनच जावं लागतं, तसं.

३.१ घेण्याचं माझ्या लेखी याहून मोठं कारण वेगळंच आहे. वर जी रांग सांगितली, ती आटोक्यात ठेवणारी ‘पाय’ (PIE) नावाची पद्धत ३.१ मॉडेमांना सक्तीची आहे. रांग वाढू लागली की मॉडेम काही पॅकेटं मुद्दाम टाकून देतो, ती बहुतेक मोठ्या अपलोडचीच असतात, म्हणजे तो फोन आपोआप वेग कमी करतो आणि कॉलच्या पॅकेटाला वाट मिळते. तुमचा सध्याचा डबा जुना ३.० चा असेल तर एवढ्या बदलानेही फरक पडेल. पण तो ३.० चाच असेल तर कंपनीकडून फुकट बदलून मागा. गिगाबिट प्लानवर ३.० चा डबा ठेवणं त्यांनाही शोभत नाही.

मॉडेमच्या आतली चिप कोणती ते बघायची सवय ठेवा. २०१६ च्या शेवटी इंटेलच्या प्यूमा ६ चिपच्या मॉडेमांत मधेच लेटन्सी, म्हणजे पॅकेट पोचायला लागणारा उशीर, उसळण्याचा दोष उघडकीला आला. वेगाच्या चाचणीत सगळं छान, गेममध्ये मात्र दर काही सेकंदांनी झटका. ॲरिसचा एसबी६१९० हा त्यातला गाजलेला. फर्मवेअरने, म्हणजे मॉडेमच्या आतल्या सॉफ्टवेअरने, पुढे सुधारणा झाल्या, कोर्टकज्जेही झाले, पण हे मॉडेम जुन्या बाजारात चाळीस-पन्नास डॉलरला अजून फिरतात. मुलगा गेम खेळतो म्हणालात म्हणून मुद्दाम सांगितलं. मी स्वतः ब्रॉडकॉमच्या चिपचे मॉडेम सुचवते. ॲरिस एस३३, मोटोरोला एमबी८६११, नेटगिअर सीएम२००० हे तीन त्यातले, आणि तिघांनाही २.५ गिगाबिटचं पोर्ट आहे. त्या पोर्टचं महत्त्व असं की साध्या गिगाबिट पोर्टमधून प्रत्यक्षात ९४० च्या आसपासच निघतं. मात्र राउटरचं पोर्टही २.५ चं हवं, नाहीतर पुढच्या दारात पुन्हा तेच. खरं सांगायचं तर ९४० आणि ११०० मधला फरक तुमच्या घरात कोणालाही जाणवणार नाही. एसबी८२०० हा गिगाबिट पोर्टवाला जुना मॉडेम स्वस्तात नवा मिळाला तर मी खुशाल घेईन.

आणि आता सगळ्यात जास्त चुकतं ते. मॉडेमचं नाव कंपनीच्या मान्य यादीत आहे का ते बघा, आणि यादीत नुसतं नाव बघून थांबू नका. कंपन्या आता वर जाणारी पट्टी ४२ वरून ८५ मेगाहर्ट्झपर्यंत, काही ठिकाणी २०४ पर्यंत रुंद करतायत. जिथे झालं तिथे अपलोड शंभर-दोनशेवर जातं. पण ते मिळण्यासाठी मॉडेममध्ये ती सोय हवी आणि त्या मॉडेलला वाढीव अपलोडसाठी कंपनीची मान्यताही हवी. केबल मॉडेमचं फर्मवेअर आपण टाकूच शकत नाही, ते कंपनीच लाइनवरून ढकलते. त्यामुळे ‘हार्डवेअर सक्षम आहे’ याला एकट्याला अर्थ नाही. लोक स्वतःचा मॉडेम लावतात, भाडं वाचतं, आणि अपलोड २०० वरून २० वर येतं. मग आम्हाला फोन. तेव्हा कंपनीला विचारायचं ते नेमकं असं विचारा: ‘माझ्या पत्त्यावर वाढीव अपलोड सुरू आहे का, आणि या मॉडेलवर ते मिळेल का?’ पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल, तर १५ डॉलर भरत राहा. पत्नीचे कॉल त्याहून महाग आहेत.

डॉक्सिस ४.० साठी थांबू नका. २०२३ पासून काही शहरांत ते सुरू झालंय, तुमच्याकडे येईल तेव्हा डबाही कंपनीच आणून देईल. घरी केबल कंपनीचा लँडलाइन फोन असेल तर मात्र साधा मॉडेम चालणार नाही, फोनचं पोर्ट असलेला लागतो. वापरलेला मॉडेम घेणार असाल तर तो आधीच्या मालकाच्या खात्यातून सुटलाय याची खात्री करा, नाहीतर नोंदणीच होत नाही.

पुण्याचा राउटर उलटा करून बघा. हिरव्या तोंडाचं बारीक फायबरचं भोक असेल तर तो ओएनटी आहे, इथे शोपीस. नेटवर्कच्या वायरचं वॅन पोर्ट (बाहेरचं इंटरनेट आत घेणारं) असेल तर चालेल. ॲडाप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असलं की फक्त पिन बदलायची. आत्ता विकत काही न घेता तो कंपनीच्या डब्यामागे लावून, डबा ब्रिज मोडमध्ये टाकून (म्हणजे त्यातला राउटर बंद करून नुसता मॉडेम ठेवून) आठवडाभर वापरून पाहा. वायफाय हाच दोष असेल तर तिथेच कळेल. पुण्यात आपल्या विटांच्या भिंती आणि स्लॅब वायफाय खाऊन टाकतात. इथली घरं लाकडाची आणि प्लास्टरबोर्डची, सिग्नल बराच लांब जातो. पण डबा तळघरात लोखंडी डक्टच्या शेजारी ठेवला तर इथेही तेच हाल.

बदल कराल तेव्हा क्रम सांभाळा. नव्या मॉडेमच्या तळावर छापलेला मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, कंपनीच्या ॲपमध्ये टाकून तो चालू करा, दोन-तीन रात्री कॉल नीट होऊ द्या, वर सांगितलेले आकडे एकदा लिहून ठेवा. जुना डबा त्यानंतरच परत करा, ॲडाप्टरसकट, दुकानात स्वतः जाऊन, आणि सिरियल नंबर असलेली पावती घ्या. परत केलेल्या डब्याचे पैसे सहा महिन्यांनी बिलात लागलेले मी पाहिलेत, आणि त्या वेळी ज्याच्याकडे पावतीचा फोटो होता त्याचंच काम पाच मिनिटांत झालं.